सतरा किलोमीटरचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

पंचवीस वर्षं एकाच टाकीचं पाणी पिणारे आपण सगळे,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सेक्रेटरी म्हणाले, “तुमच्या मॅरेथॉनबद्दल बोला, मुलांना प्रेरणा मिळेल.” प्रेरणेचं मला माहीत नाही. पण मी तुमच्याकडून पैसे घेतलेत, तेव्हा हिशेब देणं भागच आहे.

यांच्या आजारपणात आम्ही आठ महिने परळला खेपा घातल्या. संध्याकाळी टॅक्सी करून आम्ही घरी यायचो. बाहेरगावची माणसं मात्र तिथेच फुटपाथवर, प्लास्टिक बांधून राहायची. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, इतरही काही आहेत, पण येणारे त्याहून कितीतरी जास्त. एक बाई रोज स्टोव्हवर मुलासाठी मऊ भात करायची. केमो झालेलं मूल, आणि शेजारून बस जातेय. ते डोळ्यांसमोरून हललं नाही. अशा कुटुंबांची राहायची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी मुंबई मॅरेथॉनमध्ये धावून पैसे जमवता येतात हे कळलं. २००४ पासून ही मॅरेथॉन होते आणि तिच्या निमित्ताने कितीतरी संस्थांना दरवर्षी देणग्या मिळतात. मी अर्ध्या मॅरेथॉनचा फॉर्म भरला. २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. वय चोपन्न.

धावायचा सराव झाला हो. पहाटे गेट उघडायला लावून वॉचमनदादांची झोप मोडली, तेवढंच. खरं अवघड होतं ते वही घेऊन तुमच्या दारात उभं राहणं. गणपतीची वर्गणी मागताना आवाज कसा मोकळा असतो! इथे बेल वाजवायच्या आधी मी दोनदा पदर सारखा करत होते. एका वहिनींनी सरळ विचारलं, “धावणार तुम्ही, मग पैसे आम्ही का द्यायचे? आणि द्यायचेच तर न धावता मागा ना!” तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. वहिनींनी पाचशे दिले, पण प्रश्न माझ्याकडेच राहिला.

तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या काकांनी (आयुष्यभर ऑडिट केलेले) अट घातली, “किलोमीटरला दहा रुपये. धावशील तेवढेच.”

जानेवारीत पहाटे पाचच्या सुमारास माहीमहून निघालो. सी लिंकवर अंधारात वारा लागला, फार बरं वाटलं. पेडर रोडचा चढ मी चालतच चढले, लाजायचं काय त्यात. रस्त्याच्या कडेला अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी आणि चिक्की देत होती. आणि चौपाटीला, सतरावा किलोमीटर संपता संपता, पोटरीत असा गोळा आला की मी दुभाजकावरच बसले. स्वयंसेवक मुलीने स्प्रे मारला, पाय ओढून दिला. उभी राहिले, परत बसले. समोर अख्खा मरीन ड्राइव्ह पसरलेला. मी रडले. पाय दुखत होता म्हणून नाही, तुमची वही आठवली म्हणून. ६१,३४० रुपये!

त्या रात्री मुलीने टेरी फॉक्सबद्दल सांगितलं. कॅनडातला एकवीस वर्षांचा मुलगा, कॅन्सरमुळे उजवा पाय काढलेला. १९८० मध्ये कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. रोज जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि आजार फुप्फुसात पोचला. थांबावं लागलं. माझी पोटरी कुठे आणि तो कुठे, तुलना नाहीच. पण त्याने माणशी एक डॉलर मागितला होता, आणि तो थांबल्यावर पैसे यायचे थांबले नाहीत. दोन कोटी चाळीस लाखांच्या देशात तेवढे डॉलर तो असतानाच जमले.

तरी दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन प्रत्येक दारात गेले. सांगितलं, पूर्ण झालं नाही, परत हवे असतील तर सांगा. कोणीच घेतले नाहीत. त्या वहिनी म्हणाल्या, “पैसे त्या मुलाच्या भाताचे होते ना? मग तुमच्या पायाचं काय मधेच?” घ्या, माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं.

सगळी रक्कम थेट संस्थेच्या खात्यात गेली आहे, पावत्या ज्याच्या त्याच्या नावाने आल्यात. आयकराची सवलत जुन्या पद्धतीने रिटर्न भरणाऱ्यांनाच मिळेल, आणि दोन हजारांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. यंदा देणार असाल तर चेक किंवा ऑनलाइनच द्या. माझी प्रवेश फी मी माझ्या पेन्शनमधून भरते, तीही कोणीतरी विचारली होती.

राहिले काका. त्यांनी चष्मा लावून विचारलं, “किती झाले?” म्हटलं, सतरा. एकशे सत्तर रुपये मोजून दिले. मग चाळीस रुपये वेगळ्या पाकिटात घातले, वर लिहिलं ‘उर्वरित ४ कि.मी.’ आणि पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

येत्या जानेवारीचा फॉर्म मी भरलाय. वही खाली टेबलावर ठेवली आहे, जेवायला जाताना बघा.