वैमानिकाचे पुस्तक



विमानतळांची माहिती देणारे छापील पुस्तक वैमानिकाने कॉकपिटमध्ये बाळगावे, की टॅब्लेटवरच भिस्त ठेवावी, हा आजचा विषय आहे. मी वैमानिक नव्हे. कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे. परंतु ज्याच्यावर जबाबदारी टाकायची त्याच्या हाती साधन कोणते द्यायचे, हा आम्हा कामगारांचा जुनाच प्रश्न आहे. म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

हे पुस्तक कोणत्याही कचेरीत जन्मले नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेत एल्री जेपसेन नावाचा वैमानिक टपालाचे विमान चालवीत असे. त्या काळी पुष्कळ वैमानिक मोटाररस्त्यांचे नकाशे पाहून उडत. जेपसेनने एक छोटी काळी वही घेतली आणि मैदानांची लांबी, उतार, भोवतालचे डोंगर व अडथळे तीत टिपून ठेवले. सोबती नकला मागू लागले, तेव्हा १९३४ पासून त्याने त्या विकायला काढल्या. तेव्हा हे पुस्तक म्हणजे काम करणाऱ्यांच्या अनुभवाचे भांडवल आहे.

पुढे वहीची पिशवी झाली, आणि पिशवीचे वजन सोळा-सतरा किलोंवर गेले. दर २८ दिवसांच्या चक्राने माहिती बदले. जुनी पाने काढून नवी घालण्याची हमाली वैमानिकाच्या माथी येई. २०१३ साली अमेरिकन एअरलाइन्सने या पिशव्यांच्या जागी टॅब्लेट दिले. वजन घटले, इंधन वाचले. याला मी नावे ठेवीत नाही. कोणाच्याही खांद्यावरचे ओझे उतरले, तर आम्हांला आनंदच आहे.

पण एप्रिल २०१५ मध्ये काय झाले? वॉशिंग्टनच्या एका विमानतळाच्या नकाशाची दुहेरी नोंद झाली, आणि त्याच कंपनीच्या अनेक वैमानिकांच्या टॅब्लेटवरील नकाशे बंद पडले. डझनावारी उड्डाणे खोळंबली. कोणी म्हणेल, उशीरच झाला ना, जीव तर गेला नाही! खरे आहे. पण धडा घ्यायचा तो असा : कप्तानाचा एक आणि सहवैमानिकाचा एक, असे दोन टॅब्लेट म्हणजे दोन आधार नव्हेत. दोहोंत एकच चूक शिरली, तर दोन्ही एकदमच बसतात.

मग कागद म्हणजे वेदवाक्य का? तसेही नाही. १९५३ साली एक कॉमेट विमान आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. नकाशे तेव्हा कागदीच होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. २००६ साली अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे एक विमान चुकीच्या धावपट्टीवरून उडू पाहता कोसळले आणि ४९ माणसे गेली. चौकशीत मुख्य ठपका वैमानिकांच्या दुर्लक्षावर आला. परंतु त्यांच्याजवळच्या नकाशात बांधकामामुळे बदललेले मार्ग नव्हते, हेही उघड झाले. शिळा कागद हा सोबती नव्हे, तो चकवा आहे.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. जुनी जड पिशवी परत नको. निघण्याचा विमानतळ, पोहोचण्याचा आणि अडचणीच्या वेळी उतरण्याचा, एवढ्यांची ताजी छापलेली पाने प्रत्येक उड्डाणाला वैमानिकाच्या हाती द्यावीत. आपल्या रेल्वेत कोठे गाडी हळू हाकायची ते लिहिलेला सावधानतेचा कागद ड्रायव्हरला सही घेऊन देण्याची रीत आहे; त्यातले शहाणपण हेच. ती पाने छापण्याचे व तपासण्याचे काम कंपनीने पगारी माणसांकडून करून घ्यावे, आणि वैमानिकाला ती वाचण्यास लागणारा वेळ कामाच्या तासांत धरावा. वाचायला सवड न देता हाती दिलेला कागद हा केवळ मालकाच्या बचावाचा पुरावा होतो.

इंधनाची बचत कंपनीच्या खात्यात जमा होते. चुकीचा जाब मात्र वैमानिकाला द्यावा लागतो, आणि त्याच्यामागे बसलेली माणसे जिवानिशी जातात. त्या बचतीतून चार कागदांचा खर्च मागणे हे काही जास्तीचे मागणे नव्हे.