पालनपूरचे स्टर्नसाहेब

उत्तर प्रदेशात मुरादाबाद जिल्ह्यात पालनपूर नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथला शेतकरी रब्बीचा पेरा उशिरा करी. का, म्हणून सॅम्युएल बोल्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं विचारलं. शेतकरी म्हणाला, आधी पेरलं तर पीक जास्त येईल हे आम्हांस कळतं. पण एकट्यानं पेरलं तर सगळी पाखरं त्याच्याच रानावर उतरतील. मग पहिला कोण होणार?

तुमच्या शिवारातही ही अडचण तुम्ही पाहिली असेल.

याच गावात १९७४-७५ साली निकोलस स्टर्न हे तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर ब्लिस यांच्यासह येऊन राहिले. त्याआधी केनियात लहान शेतकऱ्यांच्या चहाच्या मळ्यांचा अभ्यास त्यांनी केला होता. पालनपुरात त्यांनी गव्हाचा हिशेब घेतला: पाणी किती, खत किती, कर्ज कोणाचं. पुस्तकी गणितापेक्षा शेतकरी खत कमी घालतो, असं दिसलं. त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण पाऊस दगा देईल, कर्ज अंगावर येईल, ही धास्तीही हिशेबात धरावी लागते, हे तिथं राहिल्यावर कळतं. त्यांचा ग्रंथ १९८२ साली निघाला.

पुढं ते जागतिक बँकेचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाले, मग ब्रिटिश सरकारात गेले. तिथं त्यांना हवामानबदलाचा हिशेब मांडायला सांगितलं. ऑक्टोबर २००६ मध्ये सुमारे सातशे पानांचा अहवाल आला. त्याचं सार असं, की काहीच केलं नाही तर जगाच्या शंभर रुपये उत्पन्नातले पाच, कदाचित वीससुद्धा, दरसाल जातील. आणि आजच धूर आवरायला घेतला तर खर्च रुपयाभर.

यावर मोठा वाद झाला. विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना २०१८ साली नोबेल मिळालं, म्हणाले की पुढच्या काळातल्या रुपयाला स्टर्न फार मोल देतात. बाजारातलं व्याज तसं सांगत नाही. आक्षेप पोकळ नव्हता. पण नातू उशिरा जन्मला म्हणून त्याचं नुकसान कमी का मोजायचं, हा स्टर्न यांचा सवाल मला जास्त पटतो. बाकी, आपला आकडा त्यांनी स्वतःच २००८ साली दुरुस्त केला: खर्च एक नव्हे, दोन रुपये. असं उघड सांगणारे सल्लागार थोडे.

देशादेशांच्या बैठकांत मात्र अडचण पालनपूरचीच. धूर आधी कमी कोणी करायचा? एकट्यानं केला तर खर्च त्याचा, फायदा सगळ्यांचा.

लंडनला शिकवीत असतानाही त्यांनी ते गाव सोडलं नाही. १९८३-८४ साली ज्याँ द्रेझ तिथं राहून पाहणी करीत होते. हिमांशू आणि पीटर लाँजॉ यांच्यासह स्टर्न यांचा नवा ग्रंथ २०१८ साली आला. आता पालनपूरची पुष्कळ माणसं गावाबाहेर कामाला जातात, आणि घरखर्च एकट्या गव्हावर चालत नाही.