अंथरुणाची ऊब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत असा आपण आग्रह केलात. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून रोज रात्री आपल्या सर्वांच्या अंगाखाली असते, त्या अंथरुणाविषयी बोलावे असे ठरवले. हल्ली घरोघर फोमच्या गाद्या येत आहेत आणि जुन्या गोधड्या, घोंगड्या माळ्यावर जात आहेत. काय ठेवावे नि काय टाकावे हे शेवटी आपणच ठरवतो. तेव्हा ते समजून ठरवावे.

आपल्या अंगाचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. रात्री झोपेत ते अर्धा ते एक अंश उतरते. ही उष्णता कातडीवाटे बाहेर जाते. ती कोंडली तर माणूस तळमळतो, फार गेली तर कुडकुडतो. गादी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. अंगची ऊब अडवते किंवा सोडते. अडवण्याचे काम खरे तर धाग्याधाग्यांत अडकलेली हवा करते.

आपली गोधडी पाहा. जुनी लुगडी, धोतरे थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवलेली. प्रत्येक दोन थरांमध्ये थोडी हवा राहते. शिवाय सुती कापड घाम टिपते आणि वाऱ्यावर सोडून देते. कापसाच्या गादीचेही तसेच. मात्र वापरून कापूस दबला, त्याचे गोळे झाले, की हवा गेली आणि ऊबही गेली. पूर्वी पिंजारी दारावर येई. आता यंत्रावर कापूस पिंजून मिळतो. गादी टाकण्याआधी ती पिंजून घ्यावी.

घोंगडीचा गुण आणखी वेगळा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आपल्या पावसाळ्यात याचे मोल मी सांगायला नको. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे ताठ असते. वापरून ती मऊ पडते.

आता फोम. पॉलियुरेथेन नावाच्या रसायनाचा तो फेस. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी या रसायनाचा शोध लावला. त्यातलाच मेमरी फोम १९६६ साली अमेरिकेत नासा या अवकाशसंस्थेसाठी विमानाच्या आसनांकरिता तयार झाला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि थंडीत ताठरतो. फोम वजनाला हलका, पाठीला मऊ. पण अंग त्यात रुतते, त्यामुळे हवा लागणारी कातडी कमी होते, आणि घाम तर तो टिपतच नाही. म्हणून चैत्र-वैशाखात पाठ भिजते. यावर उपाय सोपा: फोमवर जाड सुती गोधडी अंथरावी. ज्यांना कडक गादी हवी, त्यांना काथ्याची बरी; तिच्यातून वारा खेळतो.

थंडीत आपण पांघरुणावर पांघरूण घालतो आणि खालची बाजू विसरतो. फरशी दगडाची, ती अंगची उष्णता भराभर ओढून घेते. सारवलेली जमीन तितकी ओढत नाही. बाजेला तर खालून वारा. उन्हाळ्यात तो सुखाचा, पण कळसूबाई-रतनगडाकडून गार वारे सुटले की तोच बाधतो. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन पांघरुणे देण्याऐवजी एक वर द्यावे आणि एक घोंगडी खाली घालावी. दबलेले अंथरूण पातळ होते, म्हणून खालचा थर जाडच हवा.

सर्वांत जपायचे ते तान्ह्या बाळाला. त्याला आपली ऊब सांभाळता येत नाही. बाळाचे पोट आणि तळपाय हाताने पाहावेत. पोट गरम पण पाय गार, तर त्याला थंडी वाजते आहे. पोटही गार लागले तर आईने उघड्या छातीशी धरून वरून पांघरावे आणि तडक दवाखाना गाठावा. बाळाला रुतणाऱ्या मऊ फोमवर निजवू नये, भोवती उशा रचू नयेत, तोंडावर पांघरूण घेऊ नये, श्वास कोंडतो. घट्ट, सपाट अंथरुणावर उताणे निजवावे. आणि बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार-खिडकी लावण्याची चाल आता सोडावी. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच घात होतो. शेगडीपेक्षा खाली एक घोंगडी जास्त घालणे केव्हाही बरे.

शेवटचे एक. अंथरूण कुठलेही असो, ओलसर अंथरूण ऊब देत नाही आणि त्याला बुरशी धरते. पावसाने उघडीप दिली की गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवावे. फोमला मात्र कडक ऊन सोसत नाही. तो सावलीत, वाऱ्यावर उभा करावा. दसऱ्याच्या आधी अंथरूण-पांघरूण धुण्याची आपली रीत याच शहाणपणाची आहे.

नवी गादी जरूर घ्यावी, पण माळ्यावरची गोधडी खाली काढून तिच्यावर अंथरावी. एवढे सांगून मी आपली रजा घेते.

जय हिंद.