चैत्राचे आकाश



चैत्र हे नाव मुलांना पाठ असते. परंतु पौर्णिमेस चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो म्हणून ते पडले, हे किती मुलांनी पाहिलेले असते?

चैत्रात रात्री ९ च्या सुमारास पतंगाच्या आकाराचे सप्तर्षी उत्तरेस उंच दिसतात. शेपटीचा बाक पुढे वाढविल्यास प्रथम नारिंगी स्वाती, मग शुभ्र चित्रा सापडते. मृग पश्चिमेस कललेले असते.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून तारे रोज सुमारे ४ मिनिटे लवकर मावळतात. मुलांनी दर आठवड्यास त्याच जागेवरून, त्याच वेळी मृगाचे स्थान टिपावे. वैशाख सरेपर्यंत ते त्या वेळी मावळून गेलेले असेल.

शहरांतील दिव्यांनी हे आकाश झाकले आहे. खेड्यातील शाळेस ते अजून विनामूल्य लाभते. ते न दाखविता वर्ष सरू नये.