हुकलेली एक्स्प्रेस



आज मी तुमच्याशी व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. कवी म्हणून ओळख करून दिलेल्या माणसानं हा विषय निवडावा, याचं काहींना नवल वाटेल. पण विचार करून बघा. विस्मृतीत गेलेल्या कवींवर, जुन्या नाटकांवर, कुणाच्या ओठांवर न राहिलेल्या गाण्यांवर आपण नेहमी बोलतो. हळहळतो. आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या पन्नास वर्षांत, आणखी एक कला जन्माला आली. तिच्यातही उत्तम कृती झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी विसरल्याही गेल्या. त्यांच्यासाठी मात्र कुणी हळहळत नाही. कारण आपल्या लेखी तो पोरखेळ.

१९९०च्या दशकात तालुक्याच्या गावीसुद्धा कॉम्प्युटर क्लास निघाले. बाहेर चपला काढायच्या, आत पडदे लावलेले, आणि सर जरा बाहेर गेले की पोरं एक गेम लावायची. पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण तळघरात धावतोय, उड्या मारतोय, काटेरी खड्ड्यांवरून झेपावतोय. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. बरोबर, 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. आज पन्नाशीत असलेल्या पुष्कळांनी कॉम्प्युटरवर पाहिलेला हा पहिला खेळ असेल. तो तरुण इतका खरा का धावायचा, माहीत आहे? जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेका चित्रावरून ती आकृती उतरवून घेतली. १९८९ साली खेळ बाजारात आला. सुरुवातीला थंड प्रतिसाद मिळाला, पण पुढं तो जगभर पोचला.

मला सांगायचंय ते या खेळाबद्दल नाही. तो कुणी विसरलेलं नाही. सांगायचंय ते याच माणसानं नंतर केलेल्या दुसऱ्या खेळाबद्दल. त्याचं नाव 'द लास्ट एक्सप्रेस'.

यश मिळालेला माणूस सहसा तेच पुन्हा करतो. मेकनरनं तसं केलं नाही. १९९३ साली त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची संस्था काढली आणि जवळजवळ चार वर्षं एकाच कामाला वाहून घेतलं. खर्च पन्नास लाख डॉलरच्या वर गेला. विषय काय, तर आगगाडीचा एक प्रवास. पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, जाणारी ओरिएंट एक्सप्रेस. तारीख २४ जुलै १९१४.

तारीख लक्षात ठेवा. ऑस्ट्रियानं सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तो आदल्या दिवशी, २३ जुलैला. युद्ध पुकारलं २८ जुलैला. या दोन तारखांच्या मधल्या तीन दिवसांत ही गाडी युरोपातून धावते आहे. तिच्यात एक म्हातारा रशियन उमराव आणि त्याची नात आहे. तिचा बालपणीचा मित्र आता सरकार उलथवायला निघालेला क्रांतिकारक झालाय. एक जर्मन व्यापारी आहे, तो शस्त्रं विकतो. व्हिएन्नाची एक व्हायोलिनवादक आहे. सर्बियन बंडखोर आहेत. एक फ्रेंच कुटुंब आहे, त्यातल्या पोराला किड्यांचा नाद. एका डब्यात जनानखानाही आहे. आणि आपण कोण? रॉबर्ट कॅथ नावाचा अमेरिकन डॉक्टर. मित्राला भेटायला गाडीत चढतो, तर मित्र डब्यात मरून पडलेला. मग मित्राच्याच नावानं तो पुढचा प्रवास करतो.

आता खेळाची खरी गंमत सांगतो. इतर खेळांत जग आपल्यासाठी थांबून असतं. आपण दार उघडलं की आतला माणूस बोलायला लागतो, आपण गेलो नाही तर तो जन्मभर तसाच उभा. या गाडीत तसं नाही. घड्याळ चालू असतं. खऱ्या वेळेच्या साधारण सहापट वेगानं, पण चालू. जेवणाच्या डब्यात लोक आपल्या वेळेला येतात, बोलतात, उठून जातात. आपण तिथं असलो तर ऐकू येतं. नसलो तर ते बोलणं होऊन जातं, आपल्यावाचून. जो तो आपापल्या भाषेत बोलतो. फ्रेंच, जर्मन, रशियन, सर्बियन, अरबी. कॅथला जी भाषा येते तिचाच अर्थ खाली उमटतो, बाकीचं नुसतं कानावर पडतं.

मी हा खेळ पाहिला तो २०१३ नंतर, ईदला भाचा पुण्याहून आला होता तेव्हा. त्याच्या टॅबवर होता. म्हणाला, "मामू, ये गाडी का गेम है. इस में मारामारी कम, बाताँ ज्यादा. तुमको जमेगा." जमला! तो दोन दिवस राहिला आणि दोन्ही रात्री मी त्या गाडीत काढल्या. एक प्रसंग अजून डोळ्यांपुढं आहे. मागच्या खासगी डब्यात मैफल असते. ती व्हायोलिनवादक वाजवते, पियानोवर साथ असते, सगळे प्रवासी बसून ऐकताहेत. आपल्याला मात्र याच वेळात गुपचूप उठून तिच्या रिकाम्या खोलीत शोध घ्यायचा आहे. खेळ पुढं न्यायचा तर उठायलाच हवं. मी बसून राहिलो. भाचा हसायला लागला, "मामू, उठो ना!" पण मला दिसत होतं की ऐकणाऱ्यांत जर्मन आहे, रशियन आहे, फ्रेंच आहे, इंग्रज आहे. आणखी थोड्याच दिवसांत यांचे देश एकमेकांवर तोफा डागणार आहेत. त्यांना ते माहीत नाही, मला माहीत आहे. घड्याळाचे काटे मागं फिरवून चुकलेला डाव पुन्हा खेळायची सोय या खेळात आहे. पण काटे कितीही मागं न्या, युद्ध टळत नाही. कादंबरी वाचताना, नाटक बघताना जे आत हलतं, तेच इथं हललं.

यामागची मेहनतही सांगायला हवी. त्या काळातला ओरिएंट एक्सप्रेसचा एक झोपायचा डबा मंडळींना अथेन्सच्या रेल्वे यार्डात सापडला. त्याची छायाचित्रं घेऊन खेळातला डबा हुबेहूब उभा केला. नटांना पोशाख चढवून, चेहऱ्यावर रेघा रंगवून चित्रीकरण केलं आणि मग त्याची रेखाचित्रं करून घेतली, शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच भित्तिचित्रांसारखी. मेकनरचे आजोबा कोवळ्या वयात पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बाजूनं लढले होते. वडिलांना लहानपणी नाझींपायी व्हिएन्ना सोडावं लागलं. ही हकिकत त्यानं पुढं आपल्या चित्रमय आत्मकथनात सांगितली आहे. म्हणजे ही गाडी त्याच्या घरातूनच निघालेली होती.

१९९७ साली खेळ बाजारात आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण प्रकाशक कंपनीतला जाहिरात विभागच काही आठवडे आधी नोकरी सोडून गेलेला. जाहिरात जवळजवळ झालीच नाही. सुमारे एक लाख प्रती खपल्या, एवढ्या खर्चापुढं ते काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि खेळ दुकानांतून गेला. मग हक्क एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिले. २०११ साली तो पुन्हा रीतसर विकत मिळू लागला आणि पुढं मोबाइलवर आला. म्हणून तर माझ्यापर्यंत पोचला.

श्रोतेहो, हा खेळ वाचला. सगळे वाचत नाहीत. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचं जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनं २०२३ साली पाहणी केली. अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असं त्यात आढळलं. शंभरातले तेरा मिळतात.

पुस्तकाचं बरं असतं. माळ्यावर पडलं, वाळवीनं कडा खाल्ल्या, तरी उघडलं की वाचता येतं. खेळाचं तसं नाही. तो एका विशिष्ट यंत्रासाठी लिहिलेला असतो. यंत्र बदललं की सीडी नुसती चकती. यंत्र मिळालं, तर हक्क कुणाकडे ते कळत नाही, कारण कंपनी बुडालेली किंवा विकलेली. काही खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, तो बंद केला की घरात डबा असून खेळ नाही. मूकपटांचं असंच झालं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याला पूर्ण बघायला मिळत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानं गावोगाव फिरून रिळं गोळा केली, म्हणून जे उरलं ते उरलं.

मला हे कळतं, कारण मी त्याच काळात एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो. बी. ए. झालो होतो, दुसरी नोकरी नव्हती. दिवसभर लग्नपत्रिका आणि हँडबिलं टाइप करायचो. रात्री मालक चावी देऊन जायचे, मग कविता. चार वर्षांतल्या दीड-दोनशे कविता तीन फ्लॉप्यांवर होत्या. पुढं फ्लॉपी घेणारी यंत्रं गेली. एक जुनं यंत्र शोधून काढलं, तर दोन फ्लॉप्या उघडेनात. तिसरी उघडली. पडद्यावर आल्या त्या आडव्यातिडव्या खुणा. आज आपण वापरतो ती युनिकोडची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. जो तो फाँट आपल्या परीनं अक्षरं साठवायचा, आणि तो फाँट आता कुठं नव्हता. अक्षरं होती, वाचता येत नव्हती. त्या कवितांपैकी आज माझ्याकडे एकोणीस आहेत. गावातल्या एका शिक्षिका काव्यवाचनाला यायच्या. आवडलेली कविता त्या माझ्याकडून मागून वहीत उतरवून घ्यायच्या. निळ्या शाईत, तारीख घालून. त्या वहीनं एकोणीस वाचवल्या.

मेकनरचंही असंच झालं होतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ मजकूर, म्हणजे त्यानं स्वतः लिहिलेल्या आज्ञावल्या, हरवल्या होत्या. २०१२ साली त्याच्या वडिलांना कपाटाच्या मागच्या बाजूला फ्लॉप्यांचं एक खोकं सापडलं. दोन जाणकार जुनी यंत्रं घेऊन त्याच्या घरी आले. तेवीस वर्षांनी त्या फ्लॉप्या उघडल्या! त्यानं तो मजकूर सगळ्यांसाठी खुला करून टाकला. जुने खेळ नव्या यंत्रावर चालावेत म्हणून प्रोग्रॅम लिहिणारी मंडळीही जगभर आहेत. नोकरीधंदा सांभाळून, रात्री बसून, फुकट हे काम करतात. त्यांतले कितीतरी खेळ फार थोड्यांनी खेळलेले. तरी ते करतात.

मला वाटतं, आपण 'आठवण' आणि 'जतन' या दोन शब्दांत गल्लत करतो. आठवण नुसती मनात ठेवता येते, आणि माणसाबरोबर जाते. जतन करायचं तर उतरवून घ्यावं लागतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' सतराव्या शतकातला. छापखाना येईपर्यंत तो टिकला, तो कुणीतरी पोथीवरून पोथी उतरवत राहिलं म्हणून. त्या लिहिणाऱ्यांना किती वाचक मिळतील याचा हिशेब कुणी दिला नव्हता. थोड्या लोकांचं प्रेम ही लहान गोष्ट नाही, पण त्या थोड्यांपैकी एकानं तरी बोरू हातात घ्यायला हवा.

तेव्हा एक सुचवतो. तुमच्याही घरी माळ्यावर एखादं खोकं असेल. मुलांच्या जुन्या सीडी असतील, टीव्हीला जोडायच्या खेळाची पिवळी-काळी कॅसेट असेल, फ्लॉपी असेल. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्या मुलाला फोन करा. तो आता चाळिशीचा असेल, कुठं परगावी असेल. विचारा, यात काय होतं रे? त्याला सांगू द्या. आणि जमलं तर म्हणावं, पुढच्या वेळी घरी येशील तेव्हा हे उतरवून घेऊ.