‘शाळा’ : पुस्तकातली आणि पडद्यावरची


मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली प्रसिद्ध झाली. पुढे सुजय डहाके यांनी तिच्यावर चित्रपट काढला. २०११ च्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी पुस्तकात मनातले सारे आपल्यापाशी बोलतो. पडद्यावर पुष्कळदा नुसता पाहत राहतो. कोणी याला उणीव म्हणेल; मी म्हणणार नाही. त्या वयात बोलता येतेच कोठे? शिरोडकर गाव सोडून जाते, तेव्हा हे दुःख त्याने सांगावे तरी कोणाला?

आमच्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या गावी बदलीवर आलेली बिऱ्हाडे उन्हाळ्यात सामान बांधतात. शाळा उघडते तेव्हा बाकावरची एक जागा रिकामी असते. घरातली वडील माणसे मात्र टक्के किती पडले, एवढेच विचारतात.