बाळंतपणातील डूला : काम, पुरावा आणि निवड

डूला म्हणजे गरोदरपणात आणि बाळंतपणात सोबत करणारी प्रशिक्षित बाई. ती डॉक्टर नसते, नर्स नसते आणि सुईणही नसते. सुईण बाळंतपण करते. डूला ते करत नाही. आतून तपासणे, बाळाचे ठोके मोजणे, औषध देणे, नाळ कापणे यांपैकी कोणतेही काम तिचे नव्हे. कळा जोर धरू लागल्यापासून बाळ आईच्या छातीशी येईपर्यंत तिने जवळून हलायचे नाही, हे तिचे मुख्य काम. दवाखान्यात हे काम सहसा दुसऱ्या कोणाकडेच नसते. डॉक्टर येऊन-जाऊन असतात, सिस्टरकडे एकाच वेळी अनेक बायका असतात आणि तिची ड्युटी संपली की दुसरी येते.

कळ आली की डूला कमरेवर तळहाताने दाब देते, गरम शेक देते, श्वासाची लय धरायला लावते. दोन कळांच्या मध्ये ती चालवते, कूस बदलायला सांगते, परवानगी असेल तर घोटभर पाणी देते. डॉक्टरांनी काय सांगितले ते ती सोप्या शब्दांत उलगडते. निर्णय मात्र बाईचा आणि डॉक्टरांचाच असतो. या सोबतीचा उपयोग होण्यामागे शरीराचे एक साधे कारण सांगितले जाते. भीतीने ॲड्रेनलिन वाढते आणि त्यामुळे कळा मंदावू शकतात. धीर मिळाला की कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला वाव मिळतो. शिवाय, आडवे पडून राहण्यापेक्षा उभे राहिल्याने किंवा चालल्याने बाळंतपण पुढे सरकायला मदत होते.

या सोबतीची शास्त्रीय मोजणी मार्शल क्लाऊस आणि जॉन केनेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालामध्ये सुरू केली. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लहानशा अभ्यासात, गुंतागुंत न झालेल्या स्त्रियांपैकी सोबत नसलेल्यांना दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी १९.३ तास लागले; अनोळखी पण मायाळू बाई सोबत असलेल्यांना ८.८ तास. पुढे अमेरिकेतील ह्यूस्टन येथे झालेला मोठा अभ्यास १९९१मध्ये छापून आला. त्यात डूला असलेल्या स्त्रियांपैकी ८ टक्के स्त्रियांचे सिझर झाले, नेहमीच्या व्यवस्थेतील १८ टक्के स्त्रियांचे. तिसऱ्या गटात एक निरीक्षक खोलीत नुसती बसून होती, बोलतही नव्हती. तिथे हे प्रमाण १३ टक्के होते. म्हणजे कोणीतरी सतत जवळ असण्याचाही काही परिणाम होत असावा.

जगभरातील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांतील २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सतत सोबत असलेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूती अधिक, सिझर कमी, वेदनाशामकांची गरज कमी आणि बाळंतपणाचा काळ थोडा लहान, असे आढळले. काळातला हा फरक सरासरी पाऊण तासाच्या आतला आहे. ग्वाटेमालासारखा दहा तासांचा नव्हे. पुराव्याचा दर्जाही आढावा घेणाऱ्यांनी कमीच ठरवला. त्यामुळे डूला ठेवली की सिझर टळेल, अशी हमी कोणी देत असेल तर ती मानू नये.

भारतात ही सोबत पूर्वी घरातच होती. पहिले बाळंतपण माहेरी, आई किंवा मावशी उशाशी, आणि पायथ्याशी सुईण. बाळंतपणे दवाखान्यात गेली तशी सुरक्षितता वाढली, पण उशाशी बसणारी बाई लेबर रूमच्या दाराबाहेर राहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये झाली. खासगी रुग्णालयांत सिझरचे प्रमाण ४७.४ टक्के होते. २०१६मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशी अपेक्षा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८मध्ये प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस केली. ही सोबत नातलगाची असली तरी चालते. डूलाचा उपयोग विशेषतः घरचे माणूस जवळ नसते किंवा घाबरून जाते तेव्हा होतो.

डूला ठरवायची तर पाचव्या-सहाव्या महिन्यापासून शोध घ्यावा. आधी दवाखान्यात विचारावे : डूलाला लेबर रूममध्ये येऊ देतात का, नवऱ्याबरोबर की त्याच्याऐवजी, आणि सिझरची वेळ आली तर तिने कुठे थांबायचे? भारतात डूलांसाठी कायद्याने सक्तीची नोंदणी नाही. म्हणून प्रशिक्षण कुठे घेतले, किती बाळंतपणांना सोबत केली हे विचारावे आणि आधीच्या एक-दोन बाळंतिणींशी बोलावे. करार लेखी असावा. आधीच्या भेटी किती, कोणत्या आठवड्यापासून ती केव्हाही निघायला तयार असेल, ती आजारी पडली तर बदली कोण, प्रसूती रात्रभर लांबली तर जादा पैसे द्यावे लागतील का, आणि ती वेळेवर पोहोचली नाही तर पैसे परत मिळतील का, हे त्यात स्पष्ट हवे. तपासण्या किंवा औषधे टाळायला सांगणारी, डॉक्टरांविरुद्ध मन कलुषित करणारी डूला ठेवू नये.

अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, पाणमोट फुटणे यांपैकी काही झाले तर आधी दवाखाना गाठावा. डूलाला फोन नंतर. बाळंतपणानंतरच्या काळासाठी वेगळी डूला असते. ती बाळाला पाजायला बसण्याची पद्धत दाखवते, आईची झोप आणि जेवण पाहते. सततचे रडू, बाळाबद्दल काहीच न वाटणे, झोप उडणे अशी लक्षणे दोन आठवड्यांनंतरही टिकली, तर ती डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मात्र एक दिवसही वाट पाहू नये.